मढं पडलंय आणि आपण हसतोय : काळ्या विनोदाच्या खूनकथा

रातराणी_वाचते (धागालेखिका)

मंडळी, सरळ प्रश्न आहे. खुनाच्या गोष्टीत कुणाचा तरी जीव जातो. तरी काही पुस्तकं अशी असतात की खून जितका भयंकर, तितकं हसू जास्त. अशी पुस्तकं आपण एवढ्या चवीनं का वाचतो?

मी हलक्याफुलक्या रहस्यकथांबद्दल बोलत नाहीये. चतुर म्हातारी, मांजर, विणकाम आणि कुठेतरी पडद्याआड अगदी सभ्यपणे उरकलेला खून, हा प्रकार वेगळा. ज्यात प्रेत समोर पडलेलं असतं, त्याचं काय करायचं हा घोर समोर असतो, बऱ्याचदा मारणाराच गोष्ट सांगत असतो आणि आपण निर्लज्जपणे त्याच्या बाजूनं असतो, तो प्रकार मला म्हणायचाय.

उदाहरणार्थ फ्रान्सिस आइल्सची १९३१ सालची 'मॅलिस अफोरथॉट'. पहिल्याच वाक्यात कळतं की डॉक्टरांनी बायकोचा खून करायचं ठरवलंय, आणि ठरवून कित्येक आठवडे झाले तरी अजून हालचाल काहीच केलेली नाही. म्हणजे खुनी कोण हे पहिल्या ओळीत फुटलं. तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

माझा अंदाज असा की 'कोणी केलं' हा प्रश्न उठून त्याच्या जागी 'आता हा निस्तरणार कसा' हा प्रश्न येऊन बसतो, आणि निस्तरण्यात विनोद असतोच. पण एवढंच कारण असेल असं वाटत नाही. अनुभव, आवडती पुस्तकं, शिव्या, सगळं चालेल. शेवट तेवढे फोडू नका.

टवाळ

पहिला! आता धागा वाचतो.

शेवटचं_पान

'शेवट फोडू नका' हा माझ्यावर वैयक्तिक हल्ला समजते. मी पुस्तक हातात आलं की आधी शेवटची दोन पानं वाचते, मग पहिलं. घरात यावरून वाद होतात.

पण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे बघ. सरळ रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचलं की पुढची तीनशे पानं म्हणजे नुसती हमाली. तू म्हणतेस त्या जातीच्या पुस्तकाचं काही बिघडत नाही. तो पकडला जाणार हे माहीत असलं तर उलट त्याचा प्रत्येक शहाणपणा जास्त मजेशीर वाटतो. म्हणजे आपण उत्तरासाठी वाचतच नाही. त्या माणसाची स्वतःबद्दलची समजूत आणि खरी परिस्थिती यांच्यातलं अंतर बघत बसतो.

बोरू

छान विषय. ही खोड जुनी आहे. टॉमस डी क्विन्सीनं १८२७ साली खून ही एक ललित कला मानून तिची रसिकतेनं समीक्षा करणारा लेख लिहिला. १८३९ मध्ये त्याचा दुसरा भाग आला आणि त्यातला एक उपदेश मला तोंडपाठ आहे. माणूस एकदा खुनाच्या नादी लागला की त्याला चोरीचं काही वाटेनासं होतं, चोरीवरून तो दारूवर येतो, मग रविवारची प्रार्थना बुडवू लागतो, आणि असा घसरत घसरत शेवटी उद्धटपणा आणि कामाची चालढकल इथवर जाऊन पोचतो.

सगळी गंमत उतरंड उलटी लावण्यात आहे. खून पहिल्या पायरीवर आणि चालढकल तळाला. सगळ्या काळ्या विनोदाच्या खूनकथा हेच करतात: मोठ्या पापाकडे काणाडोळा आणि बारीक गैरसोयीबद्दल भयंकर संताप. खून झाल्याचं दुःख कुणालाच नसतं, गालिचा खराब झाला याचं असतं.

गालिच्यावरून आठवलं. कवी ऑडेननं १९४८ मध्ये रहस्यकथांवर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की प्रेतानं धक्का द्यायला हवा तो केवळ प्रेत म्हणून नव्हे, तर प्रेताच्या मानानंही ते नको तिथे पडलंय म्हणून. दिवाणखान्याच्या गालिच्यावर कुत्र्यानं घाण करावी तसं. ऑडेन विनोदी कथांबद्दल बोलत नव्हता. पण ही ओळ वाचल्यावर मला कुठल्याही रहस्यकथेतल्या दिवाणखान्यात गंभीर चेहऱ्यानं शिरता आलेलं नाही.

अर्धविराम

बोरूकाका, निबंध वाचायला बरे वाटतात, पण वास्तव वेगळं आहे. या प्रकारातली निम्मी पुस्तकं मी अर्ध्यावर टाकलेली आहेत. लेखकाला रहस्य नीट रचता येत नाही, मग भोकं पडतात, आणि त्यावर तो विनोदाची ठिगळं लावतो. वाचक हसला की तपासातली चूक माफ. गंभीर रहस्यकथेत दार आतून बंद होतं तर खुनी बाहेर कसा पडला हे सांगावंच लागतं. इथे नायक खांदे उडवतो, एक खमंग वाक्य टाकतो आणि प्रकरण संपतं.

खविस

@अर्धविराम, वाईट लेखकांचं वर्णन केलंस. चांगल्यांच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. रहस्यकथेत दुवा लपवायची सर्वांत उत्तम जागा म्हणजे विनोद.

समजा, एक म्हातारा आहे. तो सारखा कुरकुरतो की या घरात कुणी भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत नाही. पहिल्यांदा आपण हसतो. दुसऱ्यांदा तो तेच म्हणतो, परत हसतो. तिसऱ्यांदा पाहुण्यांसमोर म्हणतो, सून डोळे फिरवते, आपण आणखी हसतो. चौथ्या वेळी तो दिवाणखान्यात मरून पडलेला असतो आणि वर्णनात एवढंच येतं की सगळे गप्प होते, फक्त घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आपण पुढे जातो. कारण घड्याळाचा विषय आपल्या डोक्यात 'गंमत' या खणात जाऊन पडलाय, 'पुरावा' या खणात नाही. घड्याळाला चावी कुणी आणि का दिली हे शंभर पानांनी कळतं आणि आपण कपाळावर हात मारतो.

गंभीर पुस्तकात लेखक घड्याळाचं नाव काढतो न काढतो तोच वाचक सावध होतो. हसणारा वाचक बेसावध असतो, त्याच्यासमोर उघड्यावर पुरावा ठेवता येतो.

टवाळ

@खविस, तू काय करतोस रे पोटापाण्यासाठी? सहज विचारतोय. आमच्याकडे भिंतीवर घड्याळ आहे.

खविस

विमा.

टवाळ

झालं. मी आजपासून घड्याळ काढून ठेवतो.

डॉ_कात्री

रातराणी, तुमचा 'निस्तरणं' हा मुद्दा बरोबर आहे आणि त्यात मी व्यावसायिक भर घालू शकतो. (न्यायवैद्यक. माझे सगळे रुग्ण शांत असतात.)

पुस्तकात एक किडकिडीत माणूस प्रेत खांद्यावर टाकतो, जिना उतरतो, गाडीच्या डिकीत ठेवतो, हात झटकतो. प्रत्यक्षात साठ किलोचा जिवंत माणूस उचलणं आणि साठ किलोचं प्रेत उचलणं यात फार फरक आहे. जिवंत माणूस, बेशुद्ध नसला तर, नकळत मदत करतो: मान सावरतो, हात आवळतो, वजन तुमच्याकडे झुकवतो. प्रेत काहीच करत नाही. काखेत हात घालून उचलायला जावं तर हात वर जातात आणि धड खाली निसटतं. डोकं भलत्याच बाजूला लुढकतं. टाचा जमिनीवर घासतात आणि एक बूट हमखास निघून मागे राहतो. त्यात वेळ चुकली तर अंग आखडायला लागतं. साधारण दोन ते चार तासांत जबडा, मानेपासून सुरुवात होते, बारा तासांच्या सुमाराला सगळं शरीर ताठ, मग दीडेक दिवसात हळूहळू सैल. उन्हाळ्यात हे सगळं लवकर. म्हणजे ज्याला खुर्चीत बसलेल्या अवस्थेत मारलं आणि सकाळी हलवू म्हणून ठेवलं, तो सकाळी खुर्चीच्याच आकारात मिळणार.

हे वाचताना तुमच्यापैकी कुणाला हसू आलं असेल तर तेच तुमचं उत्तर आहे. मी यात एकही विनोद केलेला नाही. काळा विनोद लिहिणारा चांगला लेखक फक्त हे तपशील गाळत नाही.

हिचकॉकचा १९५५ चा 'द ट्रबल विथ हॅरी' बघा. जॅक ट्रेव्हर स्टोरीच्या कादंबरीवर आहे. सबंध सिनेमाभर एकच प्रेत पुरतात, उकरतात, परत पुरतात. त्याला मारलं कुणी यापेक्षा त्याची अडचण होतेय हा मुख्य विषय.

उनाड_पाखरू

हसून हसून पुरेवाट झाली डॉक्टर. 'खुर्चीच्याच आकारात' 😂

सावळागोंधळ

थोडं शास्त्र आणतो, मग परत मारामारी करा.

२०१० मध्ये मॅकग्रॉ आणि वॉरन या दोन संशोधकांनी एक मांडणी केली. जगाबद्दलच्या आपल्या समजुतीला काहीतरी धक्का देतं आणि त्याच क्षणी ते निरुपद्रवीही वाटतं, तेव्हा हसू येतं. नुसता धक्का असेल तर भीती किंवा किळस, नुसतं निरुपद्रवी असेल तर कंटाळा. खून म्हणजे धक्क्याची कमाल. त्याला निरुपद्रवी करायला लेखकाला अंतर लागतं: माणूस वाईट होता, काळ जुना आहे, निवेदक निर्विकार आहे, वगैरे. अंतर जरा कमी पडलं की वाचक हादरतो, जास्त पडलं की जांभई. सगळं कसब या मापात.

फ्रॉइडनं १९२७ च्या निबंधात दिलेलं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. सोमवारी फासावर नेताना कैदी म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली! फ्रॉइडचं म्हणणं असं की हा माणूस परिस्थितीला भीक घालत नाही. जगाच्या हातून दुःखी व्हायलाच नकार देतो.

आणि २०१७ मध्ये व्हिएन्नात १५६ लोकांना व्यंगचित्रं दाखवून केलेल्या अभ्यासात काळा विनोद समजणारे आणि आवडणारे लोक बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत वरचढ आणि स्वभावानं कमी आक्रमक निघाले होते.

टवाळ

शेवटचा परिच्छेद छापून बायकोला दाखवला. ती म्हणाली, अपवाद सगळीकडे असतात.

अर्धविराम

@सावळागोंधळ, १५६ माणसांवरून आपण सगळे हुशार ठरलो, अभिनंदन. व्यंगचित्रं दाखवून केलेल्या अभ्यासाचा चारशे पानी कादंबरीशी काय संबंध? व्यंगचित्राला हसायला पाच सेकंद लागतात. कादंबरीत त्या खुन्याबरोबर आठवडाभर राहावं लागतं.

सावळागोंधळ

हा मुद्दा मान्य. आठवडाभर राहण्यावर कुणीतरी लिहा.

मीनल_त

लिहू की नको असा विचार करत होते. आमच्या जवळच्या नात्यात खून झालेला आहे. बरीच वर्षं झाली. तपशील देणार नाही, सहानुभूतीसाठीही लिहीत नाहीये. पण 'खुनात हसण्यासारखं काय आहे' असं कुणीतरी म्हणणार, त्याआधी मला माझी बाजू सांगायचीय.

त्यानंतर बराच काळ मी कुठलीच रहस्यकथा वाचू शकत नव्हते. मग जेव्हा परत वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की मला त्रास होतो तो गंभीर, नीटस रहस्यकथांचा. त्यात दहाव्या पानावर माणूस मरतो आणि अकराव्या पानापासून तो माणूस राहतच नाही, कोडं होतो. जखमेचा कोन, खिशातलं तिकीट, कपातला गाळ. घरातले लोक दिवाणखान्यात बसून शांतपणे आपापला ठावठिकाणा सांगतात. कुणी रडत नाही, कुणाला पुढे काय करायचं ते सुचत नाही असंही होत नाही. आमच्याकडे असं काहीच झालं नव्हतं. आमच्याकडे सगळा गोंधळ होता. चुकीच्या माणसांना फोन, चार कागदांवर चार स्पेलिंगं, कुणीतरी अशा वेळी चपलांवरून भांडत होतं. आणि हो, त्या दिवसांत आम्ही एकदा हसलोही. पोट दुखेपर्यंत. कशावरून ते सांगितलं तर तुम्हाला हसू येणार नाही.

काळ्या विनोदाच्या पुस्तकात प्रेत निदान प्रेत राहतं. ते जड असतं, त्याची अडचण होते, त्याच्यामुळे लोक वेड्यासारखे वागतात. मला ते जास्त खरं वाटतं. म्हणून मी वाचते. फक्त ज्याला मारलंय तो साधा, भला माणूस असेल तर नाही जमत. तिथे पुस्तक मिटते.

बोरू

मीनलताई, या धाग्यावरचा हा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. आम्ही सगळे अंतर अंतर म्हणत होतो, तुम्ही नेमकी जवळीक दाखवलीत.

डॉ_कात्री

चार कागदांवर चार स्पेलिंगं. अगदी. लोक विचारतात शवागारात विनोद होतात का? होतात, पण मेलेल्यावर नाही. फॉर्मवर, शिक्क्यांवर, सही करणारा साहेब जेवायला गेलाय यावर, आणि स्वतःवर. मेलेला माणूस त्या खोलीतला एकमेव असा असतो जो काही चुकीचं करत नाहीये.

उनाड_पाखरू

मीनलताईंच्या 'भला माणूस' मुद्द्यावर. याच कारणानं बहुतेक पुस्तकांत मरणारे लोक श्रीमंत, खडूस आणि वारसा अडवून बसलेले असतात ना? १९४९ चा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' हा सिनेमा आठवा. सरदारकीच्या वाटेत असलेले नातेवाईक नायक एकेक करून संपवतो, आणि त्या घराण्यातल्या आठही जणांची कामं एकट्या अ‍ॅलेक गिनेसनं केलीत, बाईचंसुद्धा. किती लबाड युक्ती आहे! सगळ्यांचा चेहरा एकच, त्यामुळे कुणीच खरं मेल्यासारखं वाटत नाही. एकाला पाडलं की तोच पुढच्या प्रसंगात दुसरी टोपी घालून हजर.

शेवटचं_पान

आणि त्याचा शेवट तर

रातराणी_वाचते

नको!!

शेवटचं_पान

अगं ऐक तरी. शेवट सांगत नाही, शेवटाचं काय केलं ते सांगते. मूळ शेवट एका गोष्टीवर आपल्याला लटकत ठेवतो. तिकडे अमेरिकेत तेव्हा नियमावली होती, गुन्हेगाराला शिक्षा झालेली दिसलीच पाहिजे. म्हणून तिकडच्या प्रतीत काही सेकंदांचा तुकडा वाढवला, आता काय होणार याबद्दल कुणाला शंका नको म्हणून. काही सेकंदांत अख्ख्या सिनेमाचा सूर बिघडला. पंचाहत्तर वर्षांहून जुन्या सिनेमाला फुटणं लागू नाही, असं माझं मत आहे.

टवाळ

ताई, तुम्ही शेवट न सांगता शेवट सांगितलात. कला आहे ही.

सावळागोंधळ

अवांतर: 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'चा किस्सा माहितीये का? दोन प्रेमळ म्हाताऱ्या एकट्यादुकट्या पुरुषांना 'दुःखातून सोडवतात', ते नाटक. १९४१ मध्ये ब्रॉडवेवर आलं. त्यात एक भाऊ आहे जो भयपटांतल्या बोरिस कार्लॉफ या नटासारखा दिसतो असं कुणी म्हटलं की खवळतो. गंमत म्हणजे रंगमंचावर ती भूमिका खुद्द बोरिस कार्लॉफच करत होता. सिनेमाच्या वेळी नाटकवाल्यांनी त्याला सोडलं नाही, म्हणून पडद्यावर दुसऱ्या नटाला घेतलं आणि विनोद तोच ठेवला.

अर्धविराम

या अवांतरात माझा मूळ आक्षेप वाहून गेला. परत मांडतो. खविसचं घड्याळ उत्तम, पण हल्लीच्या पुस्तकांत ते दिसत नाही. हल्ली निवेदक दर पानावर वाचकाला डोळा मारतो. 'प्रिय वाचकहो, तुम्हाला वाटलं असेल हाच खुनी.' बेंजामिन स्टीव्हनसनच्या २०२२ च्या 'एव्हरीवन इन माय फॅमिली हॅज किल्ड समवन' या गाजलेल्या पुस्तकात तर निवेदक सुरुवातीलाच सांगून टाकतो की कुठल्या कुठल्या पानांवर मृत्यू आहेत. पहिल्यांदा मजा वाटली. मग प्रत्येक लेखक तेच करायला लागला. गोष्ट सांग ना बाबा, नियम काय सांगतोस.

उनाड_पाखरू

मला तेच आवडलं होतं. पानांची यादी देऊन सुद्धा तो फसवतो, हेच तर त्याचं कौशल्य.

बोरू

नियमांची चेष्टा हल्लीची नाही, अर्धविराम. रोनाल्ड नॉक्सनं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम केले, ते स्वतःच अर्धे विनोदी आहेत. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. पूर्वसूचना दिल्याशिवाय जुळे भाऊ आणू नयेत. आणि गुप्तहेराच्या मित्राची अक्कल सामान्य वाचकाच्या अकलेपेक्षा किंचित, अगदी किंचित कमी असावी.

त्याच वर्षी अँथनी बर्कलीची 'द पॉइझन्ड चॉकलेट्स केस' आली. एकाच खुनाचा छडा सहा जण लावतात, सहाही उत्तरं वेगळी, आणि प्रत्येक उत्तर ऐकताना आपल्याला वाटतं की बास, हेच! एवढं सगळं वाचून झाल्यावर 'पुराव्यावरून फक्त एकच निष्कर्ष निघतो' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या गुप्तहेरावर आपला विश्वास बसेनासा होतो. रातराणीनं ज्या आइल्सचं नाव घेतलं तो म्हणजे हाच बर्कली, दुसऱ्या नावानं. एकाच माणसानं आधी कोडं मोडून दाखवलं आणि मग कोडं नसलेली खूनकथा लिहिली. मला हा योगायोग वाटत नाही.

टवाळ

'किंचित कमी अक्कल' हा नियम वाचून वॉटसनबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

अर्धविराम

@बोरू, 'चॉकलेट्स' वाचलंय आणि आवडलंय, तिथे तक्रार नाही. तिथे चेष्टा करणाऱ्याला कोडं रचता येत होतं, आणि तेही सहा वेळा. माझी मागणी तेवढीच आहे: आधी रचून दाखवा, मग मोडा.

उनाड_पाखरू

आपल्याकडे असं का लिहिलं जात नाही पण? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यांच्या झुंजारला मारामारीतून हसायला सवड नाही. मतकरींच्या गूढकथांत काळी छटा आहे, पण तिथे हसू येता येता घशात अडकतं. विनोदी लेखन भरपूर, खूनही भरपूर, दोन्ही एका पानावर क्वचित.

खविस

पडद्यावर तरी झालंय. 'जाने भी दो यारो' १९८३ चा. महाभारताच्या प्रयोगात घुसलेलं कमिशनरचं प्रेत विसरलीस का? डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिथे आहे, वर साडी नेसवून.

मीनल_त

ते मी कितीही वेळा बघू शकते.

कागदी_होडी

नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचत होते, हा पहिलाच प्रतिसाद. 'आठवडाभर खुन्याबरोबर राहण्या'वर कुणीतरी लिहा असं वर म्हटलं होतं, म्हणून धाडस करते.

डोनाल्ड वेस्टलेकची 'द अ‍ॅक्स', १९९७ ची. कागद कारखान्यातला एक मधल्या हुद्द्यावरचा माणूस. नोकरी जाते. वर्ष उलटून जातं, नवी मिळत नाही. मग तो हिशेब करतो की आपल्या कामाच्या जागा मोजक्या आणि लायक माणसंही मोजकीच. खोटी जाहिरात देऊन तो अर्ज मागवतो, आपल्यापेक्षा सरस कोण ते निवडतो, आणि त्यांना एकेक करून मारायला निघतो. सांगतो सगळं अगदी कामाचा अहवाल द्यावा तसं.

उनाड_पाखरू म्हणतात तसे मरणारे इथे खडूस श्रीमंत नाहीत. ते हुबेहूब त्याच्यासारखेच आहेत. त्याच वयाचे, तीच काळजी, तसाच काटछाट करकरून नीट टाइप केलेला अर्ज. तो त्यांचे अर्ज वाचतो तेव्हा कुठे मोठेपणा मारलाय, कुठे रिकामी वर्षं झाकलीत, हे बरोबर ओळखतो, कारण त्यानंही तेच केलेलं असतं. तिथे मी हसले. आणि मग मला कळलं की मी त्याला मनातल्या मनात सूचना देतेय. 'आज नको, आज शेजारची गाडी उभी आहे.' मी स्वतः नोकरी गेलेल्या काळात हे पुस्तक वाचत होते, हे सांगायला हवं.

मला वाटतं आपण खुनाला हसत नाही. त्याचा तो नेटकेपणा, कामसूपणा, वेळेवर पोचण्याची धडपड, या आपल्या रोजच्या सद्गुणांना हसतो. ते सगळे सद्गुण खुनाच्या कामीही तितकेच चोख येतात, हे बघून.

अर्धविराम

स्वागत आहे. हे पुस्तक मागवतो. आणि नाही, यात ठिगळं नाहीत असं तुमच्या वर्णनावरून दिसतंय.

सावळागोंधळ

यावर पार्क चॅन-वूकचा सिनेमाही आलाय, २०२५ मध्ये. त्याआधी कोस्टा-गाव्रासनं २००५ मध्ये फ्रेंचमध्ये केला होता.

रातराणी_वाचते

कागदी_होडी, तुमच्या उत्तरावर रात्रभर विचार करतेय. 'रोजचे सद्गुण' हे मला ओयिंकान ब्रेथवेटच्या 'माय सिस्टर, द सीरियल किलर'ला (२०१८) तंतोतंत लागू होताना दिसतं. लागोसमधल्या दोन बहिणी. धाकटी देखणी, तिचे प्रियकर मरतात. थोरली नर्स, ती येऊन साफसफाई करते. थोरलीचा सगळा जीव स्वच्छतेत. कोपरे, फटी, चादर, ब्लीच. आपण तिच्या टापटिपीवर खूश होत जातो आणि मध्येच आठवतं की ती नक्की काय पुसतेय.

मीनलताई, तुमच्यासाठी मात्र सावधगिरीची सूचना. त्यातला मेलेला एकजण भला माणूस वाटतो. कविता करायचा.

मीनल_त

कविता कशा आहेत?

रातराणी_वाचते

ठीकठाक. पण थोरली त्या वाचत बसते.

मीनल_त

मग बघते वाचून. नाही जमलं तर मिटता येतंच.

डॉ_कात्री

ब्लीचवरून एक तांत्रिक टिप्पणी, राहवत नाही म्हणून. रक्ताचा माग काढायला ल्युमिनॉल फवारतात, अंधारात निळसर चमक दिसते. पण ल्युमिनॉल ब्लीचवरही चमकतं. म्हणजे अख्खी फरशी ब्लीचनं पुसून काढली तर अख्खी फरशी लकाकेल, आणि तपासणारा पहिला प्रश्न हाच विचारेल की मध्यरात्री कुणाला एवढी स्वच्छता सुचली. बहुतेक लेखक हे विसरतात.

टवाळ

डॉक्टर, नुसत्या साबणानं पुसली तर?

डॉ_कात्री

आधी तुमच्या पत्नीशी बोलतो, मग उत्तर देतो.